चार पायांचा टब

— नाही हो दादा, दार असलेला टब नको, मघाशीच म्हटलं ना मी. टबाला दार! म्हणजे आधी उघड्या अंगानं आत जाऊन बसायचं, दार लावायचं, मग पाणी सोडायचं आणि ते भरेपर्यंत कुडकुडायचं, आणि बाहेर यायचं तर सगळं पाणी वाहून जाईपर्यंत परत कुडकुडायचं — कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालंय हे? म्हाताऱ्या माणसांना बरा पडतो, हो, माहितीय, माझा धाकटा भाऊही तेच म्हणतो. तो तर म्हणतो टबच नको, शॉवरखाली एक प्लास्टिकची खुर्ची ठेव, भिंतीला दोन दांड्या ठोक, संपलं. त्याचं काय जातंय बोलायला? तो राहतो तिकडे लांब, फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतो. आणि भावजय मागून ओरडते, ताईंना म्हणावं पाय घसरला म्हणजे कळेल. कळेल तेव्हा कळेल! मला तो पाहिजे, तो — कोपऱ्यातला, पांढरा, चार पायांचा. लोखंडाचाच आहे ना? की वरून सोंग? थांबा, वाजवून बघते. हं. बरोबर. आई, तू बस हं तिथंच खुर्चीत, आलेच मी! हो, ती माझी आई, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलीय ना, तीच. तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. नको, तिला काही विचारू नका, तुम्ही आपलं माझ्याशीच बोला.

जड आहे, माहितीय. चौघं लागतील उचलायला, लागू देत. जमिनीचं मिस्त्रीनं बघितलंय, पायांच्या खाली चार दगडी चकत्या बसवणार आहे तो, म्हणजे लादी दबायला नको. न्हाणीघर आमचं एवढंसं होतं हो, दोन माणसं उभी राहिली की तिसरं बाहेर — मग शेजारची अडगळीची खोली त्यात घेतली, मधली भिंत पाडली, आणि बाहेरच्या भिंतीलाही भगदाड पाडून ठेवलंय, कारण दारातून हा टब जायचा नाही. आधी टब आत न्यायचा, मग भिंत बांधायची. मिस्त्री म्हणाला, बाई, टब घेतलाय का? मी म्हटलं, घेईन की. त्यानं कपाळावर हात मारला. आधी कळस मग पाया म्हणतात ना, तसली माझी तऱ्हा. सध्या भगदाडाला ताडपत्री बांधलीय, ती दिवसभर फडफड वाजते, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात पडदा ओढून बादलीनं आंघोळ करतो. आई त्या फडफडीला घाबरते. रोज विचारते, कोण आलंय? मी सांगते, कुणी नाही, वारा आहे. पुन्हा विचारते. पुन्हा सांगते. माणसानं किती वेळा सांगावं? — असं म्हणते मी, आणि सांगते.

नळ दाखवा आता. हे नाही, हे कसले सोनेरी — घ्या हातात, किती हलका आहे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मला पितळेचे पाहिजेत, दोन, वेगवेगळे — एकातच गरम-गार मिसळणारा नको. वरची मूठ चार काड्यांची, फुलीसारखी, आणि मधोमध चिनी मातीचं पांढरं बटण. गरम पाण्याचा डावीकडे. बुचाला साखळी हवी, मण्यांची, आणि साखळी अडकवायला काठाजवळ छोटा आकडा. हसताय काय? एवढं नेमकं माझ्याकडे कुठून आलं म्हणता? नाही, फोटो नाही. मी तर तो टब जन्मात पाहिलेला नाही! माझ्या आईनं पाहिला होता. पाहिला म्हणजे — घासला होता. एका मोठ्या घरी कामाला होती ती, मी शाळेत जायच्या आधीपासून ते पार माझी नोकरी लागेपर्यंत. त्या घरात असा टब होता. दुसऱ्यांच्या आया मुलांना झोपताना गोष्टी सांगतात, आमची आई टब सांगायची. त्याचे पाय कसे वाघाच्या पंजासारखे, पंजाच्या बोटांमध्ये किती मळ अडकतो, पितळ किती लवकर काळं पडतं, तिथली बाई नळाच्या मागून कशी बोट फिरवून बघायची. धाकटा झोपून जायचा. मी जागी राहून विचारायचे, मग? मग काय झालं? मग काय होणार, आई म्हणायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मळायचा.

कधी बसली होती का त्यात? अहो कसली बसतेय! शिवायची ती घासण्यापुरती. एकदाच, मला आठवतंय, भांडी पुसता पुसता म्हणाली, त्यात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसल्यावर कसं वाटत असेल गं? बस्स, एवढंच. पुन्हा कधी तो विषय नाही. मागितला? तिनं? नाही… नाही मागितला. खरं सांगायचं तर तिनं कधी काहीच मागितलं नाही, तीच तर पंचाईत आहे, माणसानं काही मागितलं तर देऊन मोकळं होता येतं. मी काउंटरमागे बसते, दिवसभर लोक काही ना काही मागत असतात आणि मी देत असते, शिक्का मारून. आणि हिला विचारलं, तुला काय हवंय, तर म्हणायची, तू जेवलीस का? — बघा, मी ही कुठं वाहवत चालले. तुम्ही दुकानदार, तुम्हाला काय त्याचं.

किती दिवस लागतील म्हणालात? मागवावा लागेल? अहो, नाही! नाही हो दादा, तेवढी सवड नाही. हाच द्या, हा दाखवायला ठेवलेलाच द्या. ओरखडा असू दे. पायाला गंज असू दे, मी रंग मारून घेईन. तुम्हाला कळत नाहीये — डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, डोकं आता उतरणीला लागलंय, थांबणार नाही, मागे तर मुळीच येणार नाही. सकाळी कधीतरी अर्धा तास ती असते. म्हणजे खरी असते, माझ्याकडे बघून हसते, केस विंचर म्हणते, पांढरे झाले म्हणते. मग जाते. पूर्वी तो अर्धा तास रोज यायचा. आता आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो, गेल्या आठवड्यात आलाच नाही. मला तो अर्धा तास धरायचाय, दुसरं काही नको. पाणी तापवून ठेवीन, तिला त्यात बसवीन, गळ्यापर्यंत, आणि तिला कळायला हवं की हे माझ्यासाठी आहे, माझ्या पोरीनं केलंय. कळलं नाही तर मग काय हो, नुसतंच एक म्हातारं माणूस पाण्यात. तेवढ्यासाठी प्लास्टिकची खुर्चीही चालली असती की. भाऊ म्हणतो, हे तू आईसाठी करत नाहीस, स्वतःसाठी करतेस. फोन आपटला मी. पण म्हणाला ते म्हणालाच. डोक्यातून जात नाही.

बसवून बघू म्हणता? आत्ता? इथं? चालेल तुम्हाला? नाही, तुमचंही बरोबर आहे, काठ उंच आहे, तिचा पाय पलीकडे जातो की नाही ते घेण्याआधीच बघितलेलं बरं. आई, चल ऊठ. चल, एक गंमत दाखवते. पिशवी दे माझ्याकडे — बरं बाई, नको देऊ, राहू दे तुझ्यापाशी. सावकाश. इकडे. हं, हे बघ! काय आहे हे? बघ ना नीट. बघतेय, दादा, बघतेय हो ती! हात लावला. अगं बाई, हसली! तुम्ही पाहिलंत ना? ओळखलं तिनं, मी म्हणतच होते, हुबेहूब असला की ओळखेल, म्हणून तर मी एवढी नळाच्या मुठीपर्यंत अडून बसले होते, लोक म्हणतात हट्टी, असेन हट्टी — आई, चपला काढ, हा पाय आधी. मी धरलंय तुला. पाय वर घे. अगं पाय वर — खाली कुठं बसतेस? आई, फरशी गार आहे! गुडघ्यांवर नको, तुझे गुडघे… दादा, हिला खाली वाकता येत नाही हो, देवाशपथ, कित्येक वर्षांत नाही, मी चपला घालून देते हिला.

काय करतेस? पिशवीतलं काय काढलंस? रुमाल कशाला? आई, नको पुसू. स्वच्छ आहे तो, नवा आहे, दुकानातला आहे. पंजाच्या बोटांत नको घालू नख, लागेल. आई, ऐक, इकडे बघ माझ्याकडे, हा तुझा आहे. तुझा टब. घासायचा नाहीये, बसायचंय आपल्याला त्यात, तूच म्हणाली होतीस ना — नाही ऐकत. नळ बसवलेलाच नाही अजून, तरी नळाच्या मागून पुसतेय बघा. हात बघा कसा चालतोय तिचा, घरी चमचा धरताना थरथरतो तो हात. दादा, त्या लोकांना सांगा ना, इकडे बघू नका म्हणावं. मी काय करून बसले हो? दुसरा कुठलाही टब घेतला असता, तो दार असलेला घेतला असता, निळा, गुलाबी, कसलाही, तर निदान बसली असती. मी नेमका तोच आणायला निघाले. तिला आयुष्यभर जिथं गुडघ्यांवर बसवलं तेच.

काय? काय म्हणालीस? मोठ्यानं बोल… दादा, ऐकलंत? मला 'बाई' म्हणतेय. विचारतेय, बाई, आज जरा लवकर जाऊ का, पोरीला ताप आहे, घरी एकटी ठेवून आलेय. पोरगी! अगं मीच ती, आई. बघ, मी इथं आहे, मला काही झालेलं नाही, बघ की… नाही. रुमाल पिळत बसलीय, उत्तराची वाट बघतेय. माझ्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नाहीये तिची.

नको, तुम्ही मध्ये पडू नका. आणि ते लिहिलेलं खोडून टाका, मला टब नको. भिंतीचं बघेन मी काय ते. नको म्हटलं ना! — हो गं. जा तू. झालं आजचं काम, छान निघालाय. नाही, पगारातलं काही कापणार नाही. मी नाही रागावले. जा, पोरगी वाट बघत असेल. हात दे, सावकाश ऊठ. चल, मी येते तुझ्याबरोबर, मलाही तिकडंच जायचंय.