चार नंबरच्या मेंढीला मिळालेला आशीर्वाद

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे संचालक माननीय इशेनबाय कादिरोविच, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सुसामीरच्या कुरणावरून घाट ओलांडून आलेले मेंढपाळ टोकोनबायके आणि त्यांची मंडळी, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला कुणाचंच मन धजत नाही त्या आमच्या थोरल्या बहिणीसारख्या झूराकानएजे,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ काढून समोर ठेवलं आहे. तेव्हा एकच प्रसंग सांगते. टोकोनबायकेंची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, “सांग की. फक्त मेहुण्याचं नाव घेऊ नकोस, बायको जेवायला घालायची नाही.”

आमचं काम नेमकं काय, हे कुरणावरच्या मंडळींना आम्ही कधी धड सांगितलेलं नाही. शरीरात कुठे सूज आली, की तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर एक प्रथिन वाढतं. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, थांबतात आणि भिंतीतून सुजेकडे जातात. ते प्रथिन कुठे आहे हे दाखवायला त्यालाच जाऊन बिलगणारं प्रतिपिंड लागतं. आम्ही विकत आणलेलं प्रतिपिंड दिसेल त्याला मिठी मारायचं! मग मेंढ्यांच्या रक्तात नेमकं प्रतिपिंड तयार व्हावं म्हणून एजेंनी ते प्रथिन त्यांना टोचलं. बाकीच्या मेंढ्यांनी निराशा केली. चार नंबरच्या मेंढीच्या रक्तातलं प्रतिपिंड मात्र बरोबर जागेवर जाऊन बसायचं. माझा सबंध प्रबंध त्या मेंढीच्या अंगात होता म्हणा ना.

उन्हाळ्यात बिश्केकच्या उकाड्यात ती सुकायची, म्हणून एजेंनी तिला टोकोनबायकेंच्या कळपात सांभाळायला दिलं. रक्त काढायला सोपं जावं म्हणून तिच्या मानेवरची लोकर आम्ही कातरून ठेवत असू. एकदा आम्ही रक्त काढायला वर गेलो, आणि टोकोनबायकेंनी एजेंच्या मानार्थ शेजारपाजार आणि सासरची माणसं जेवायला बोलावली. एजेंना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. पाहुण्यासाठी मेंढी दारात आणायची, पाहुण्याने हात पसरून आशीर्वाद द्यायचा, मगच सुरी, हे या सभागृहात मी कुणाला सांगावं?

मेंढी आणायला गेले ते मेहुणे. ते आदल्याच दिवशी आले होते. कळपात कातरलेल्या मानेची गुबगुबीत मेंढी दिसली, बिचाऱ्यांना वाटलं, ही आधीच ठरलेली आहे. दारात उभी केली ती चार नंबर.

माझ्या हातातला कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा हातातच राहिला. टोकोनबायकेंचा चेहरा पांढराफटक पडला. विश्वासाने सांभाळायला दिलेलं जनावर, आणि तेच त्याच्या मालकिणीपुढे कापायला आणलेलं! एजे नुसतं “ही माझी” म्हणाल्या असत्या, तर सगळ्या सोयऱ्यांसमोर त्या माणसाची अब्रू गेली असती. मी मात्र “सांगून टाका” म्हणून त्यांना कोपराने ढोसत होते.

एजेंनी शांतपणे तळवे पसरले. सगळ्यांनीच पसरले.

“टोकोन, तू माझ्यापुढे कळपातलं सगळ्यात चांगलं जनावर उभं केलंस. तुझं मन मला पोचलं. या घराची भरभराट होवो. आणि या मेंढीला उदंड आयुष्य मिळो, म्हातारी होऊनच मरो. ओमीन.”

सगळ्यांनी ओमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले आणि मग एकमेकांकडे पाहायला लागले. दिलेला आशीर्वाद मोडायचा कुणी? एका आजोबांनी निकाल दिला, की हिला आता कुणी हात लावायचा नाही. दुसरी मेंढी आणून शिजेपर्यंत आम्ही तळलेल्या कणकेचे बोरसोक खाऊन पोटं भरली. मेहुण्यांना त्या दिवशी चहासुद्धा उशिरा मिळाला म्हणे.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, “एजे, हे सुचलं नसतं तर?”

“मग नेहमीचाच आशीर्वाद दिला असता.”

“आणि माझी चार वर्षं?”

त्या म्हणाल्या, “दुसरी मेंढी तयार केली असती. तुझा प्रबंध उशिरा झाला असता एवढंच. टोकोनला मात्र त्या माणसांत पुन्हा ताठ मानेनं बसता आलं नसतं.”

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. ती मेंढी पुढे खरंच म्हातारी होऊन गेली, तिच्या प्रतिपिंडावर माझा आणि माझ्यामागून कितीतरी जणांचा प्रबंध झाला.

एजे, उद्यापासून तुमच्या खुर्चीवर मी बसणार. पेशी कुठे चिकटते ते कसं शोधायचं हे तुमच्याकडून शिकले. पण तशी वेळ माझ्यावर आली, तर मी प्रबंध सोडून माणसाला सांभाळेन का, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून तुमच्या घरी येत राहीन. कंटाळू नका.

अध्यक्षमहाराज, पाचाची सात मिनिटं झाली. मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्या.