बंद पडलेले जीन

एका शब्दानं माणूस किती फसावा, ते आमच्या शेतशेजारी बापूंना विचारा. कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला चौसाळ्याकडे जीन म्हणतात. बापू ज्या जीनमध्ये कामाला होते तो बंद पडलेला, आणि बाहेरच्या कंपन्या येऊन सगळं सुरू करणार अशी तेव्हा हवा होती. त्यात विद्यापीठातल्या, पिकांच्या जनुकांवर काम करणाऱ्या एक बाई माझ्या शेतात कापसाची आणि ज्वारीची पानं न्यायला आल्या.

"दोन्ही पिकांचे सगळे जीन ताडून बघायचेत," बाई म्हणाल्या. "पाण्याच्या ताणात कुठले चालू राहतात, कुठले बंद पडतात."

"कापसाचे लई बंद पडले, बाई," बापू म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिथंच कामाला व्हतो की! पण कावून बंद पडत्यात?"

"एखादा नवा चालू होतो आणि तो जुन्यांना बंद पाडतो."

"आमचं अगदी असंच झालं! मग माझा कवा चालू व्हनार?"

बाई हसल्या. "तुमचे चालूच आहेत. म्हणून तर तुम्ही जिवंत आहात."

बापू माझ्याकडे वळले. "मग मला घरी कावून बसवलंय बे?"