दुसरी चिठ्ठी

मांजर्लीच्या या हॉलमध्ये शैला मॅडमच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांनो, मला बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. म्हणून लिहून आणलंय.

शैला मॅडम आमच्या आनंदनगरच्या कारखान्यात लॅब सांभाळायच्या. मी त्यांचा मदतनीस, बारावी नापास. बायकांनी आत ठेवायची गर्भनिरोधक गोळी आमच्याकडे बनते. ती शुक्राणू मारते की नाही, हे आम्ही तपासायचो. गोळी विरघळवायची, वीर्याचा थेंब मिसळायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचं. एकही हलता कामा नये.

पॅकिंगच्या बायका चिडवायच्या, “काय रे, आज किती मारलेस?” मॅडमही हसायच्या. पण स्लाइड लागली की हसणं बंद. दोघांनी वेगवेगळं बघायचं, न बोलता आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, मगच चिठ्ठ्या उघडायच्या. हा त्यांचा नियम.

एकदा मी ‘शून्य’ लिहिलं, त्यांनी ‘एक’. मी म्हणालो, तो मेलेलाच आहे, थेंबाबरोबर नुसता वाहतोय. त्यांनी परत बघायला लावलं. कडेला होता. सगळं डावीकडे सरकत होतं, हा उजवीकडे निघाला होता. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुला घरी जायची घाई होती. जिला आता मूल नकोय, तिने काय करायचं रे?”

ती बॅच बाहेर गेली नाही.

आता जे सांगायचंय ते. मॅडम हॉस्पिटलमध्ये होत्या, तेव्हा माल अडला होता. कारखान्याचे साहेब म्हणाले, दुसरी चिठ्ठीही तूच लिही, कोण बघतंय? मी लिहिली. दोन्हींवर शून्य. मी नीट बघितलं होतं. खरंच नीट बघितलं होतं. पण मागच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं ना?

संध्याकाळी भेटायला गेलो. त्यांनी विचारलं, “दुसरं कोणी बघितलं?”

मी हो म्हणालो.

त्यांनी समाधानाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तो माल अजून गोडाऊनमध्येच आहे. परवा गाडी लागणार आहे. साहेब, तुम्ही समोर बसलाय, म्हणून सगळ्यांदेखत सांगतो. दुसरी चिठ्ठी खोटी आहे. उद्या ती बॅच पुन्हा तपासूया, आणि माझ्याशिवाय आणखी कोणीतरी बघू दे. मला कामावरून काढलंत तरी चालेल.

आणि ताई, मी तुमच्या आईशी खोटं बोललो. त्यांची माफी मागायची राहिली. ती तुमच्याकडे मागतो.

आता मॅडमसाठी थोडा वेळ सगळे शांत उभे राहूया. साहेब, तुमचं उत्तर त्यानंतर द्या.