मदन महलवरचे तीन हेर

लढाईच्या दिवसांत आम्हाला हेर म्हणून धरलं होतं, हे तुम्हाला सांगितलं का कधी?

मी, वसंता आणि दिगू तेव्हा नागपूरहून जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नुकतेच लागलो होतो. नवं शहर पाहायचं म्हणून दर रविवारी सायकली काढायचो. त्या रविवारी मदन महलच्या टेकडीवर बसून, कोणता मोहल्ला कुठे आहे ते एकमेकांना बोटानं दाखवून राहिलो होतो. कोणीतरी खाली जाऊन सांगितलं, वर तिघं जण शहराकडे बोटं दाखवून भलत्याच भाषेत बोलताहेत. हवालदार धापा टाकत वर आला.

“काम क्या करते हो?”

आता फॅक्टरीत पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कामाबद्दल सख्ख्या बापालाही सांगायचं नाही. वसंता म्हणाला, “बता नहीं सकते.”

“कहाँ करते हो?”

“वो भी नहीं.”

हवालदार दिगूकडे वळला. “ये दोनों क्या करते हैं?”

“मुझे भी नहीं बताते, भैया.”

खरंच होतं ते. तिघांचे सेक्शन वेगळे.

मी म्हटलं, “अरे वसंता, सांगून टाक ना. काहून जेलात नेऊन राहिला आम्हाला?”

“मग तूच सांग.”

मलाही ती पहिल्या दिवसाची ताकीद आठवली.

हवालदार खडकावर बसला, टोपी काढून घाम पुसला. “जासूस होते तो कोई अच्छा-सा झूठ बोलते. फैक्टरीवाले हो. जाओ.”

आम्ही उतरायला लागलो, तर मागून त्यानं सहज विचारलं, “कल ड्यूटी कितने बजे है?”

तिघंही एका सुरात म्हणालो, “बता नहीं सकते.”