बाबांचं यॉर्कशर

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या एप्रिलची पहिली सकाळ. इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातल्या डेल्फ गावच्या थांब्यावर क्लिफर्ड बससाठी उभा होता. त्याच्या पुढे पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची एनिड आणि तिची मैत्रीण हिल्डा.

“एनिड, रात्रीपासून आपलं गाव यॉर्कशरात नाही म्हणे. ग्रेटर मँचेस्टर या नव्या परगण्यात घातलं. लँकशरच्या ओल्डहॅमवाल्यांच्या पंगतीत.”

“रेडिओवर ऐकलं.”

“मग तुझ्या बाबांनी रेडिओ फोडला असेल.”

“नाही. रेडिओ बंद केला. मग म्हणाले, तो ओल्डहॅमचा वॉल्टर, त्याला आता चहाला बोलावलंस तरी चालेल.”

“कोण, तो गिरणीतला वॉल्टर?”

“तोच.”

“अगं, त्या गोष्टीला तीस वर्षं झाली. लँकशरच्या माणसाला मुलगी देणार नाही म्हणून तुझ्या बाबांनीच त्याला दारातून हाकलला होता ना?”

“हो. आता म्हणतात, परगणा एकच झाला, मग अडचण कसली.”

“आणि वॉल्टर?”

“त्याला नातवंडं आहेत.”

“हे सांगितलंस बाबांना?”

“नाही. हातातली किटली खाली ठेवली, कोट घातला आणि निघाले.”

“बाई गं. निघालीस तरी कुठं?”

“ठरवलं नाही. जी बस येईल ती.”

“आणि त्यांच्या जेवणाचं काय?”

“स्वयंपाकघर काही रात्रीत हललेलं नाही, हिल्डा. सापडेल त्यांना.”

बस आली. एनिड चढली. मागे त्यांचं बोलणं ऐकत उभ्या क्लिफर्डला कंडक्टरने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं त्याचे पाय हलले.