खो-खोवाल्या मुलींचा बास्केटबॉल

मुलांनो, तुम्ही वसईला बसच्या रांगेत उभे आहात अशी कल्पना करा. पुढे आहे छोटी निधी. तिच्या मागे कॉलेजातली क्षितिजा आणि तिची यमुनाआजी बोलताहेत.

"आजी, विद्यापीठाच्या बास्केटबॉल निवडीला मी नाही जात. सगळ्या उंच असतील. चल घरी."

"आमचा मुलींचा पहिला बास्केटबॉल संघ खो-खोवाल्यांमधूनच उभा केला होता. सगळ्या बुटक्या."

"मग जिंकलात?"

"कसलं गं? पहिल्याच सामन्यात मी मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारली, 'खो' म्हटलं आणि खाली बसले."

"चेंडू घेऊन?"

"चेंडू घेऊन. पंचसुद्धा हसले."

"तरी संघात ठेवलं तुला?"

"पुढच्या वर्षी कप्तान केलं."

निवडीच्या मैदानाकडे जाणारी बस आली. क्षितिजा हसत होती, पण पाऊल उचलत नव्हती. सगळं ऐकत असलेली निधी बाजूला सरली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आधी चढा."