यादीतलं पहिलं नाव

पक्षांचा विषय निघालाच आहे तर आमच्या मामाचं ऐका. मामा आनेकलला पक्षाचा जुना बूथप्रमुख. मध्यंतरी पक्षाच्या नव्या प्रदेशाध्यक्षा तिथे आल्या आणि भाषण न करता त्यांनी मामाकडे बूथ समितीची यादी मागितली. मामाने जुनाच कागद पुढे केला.

"चला, पहिल्या नावाच्या घरी जाऊ," त्या म्हणाल्या.

पहिलं नाव मुनियप्पांचं होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मामाने विचारलं, "अक्का, मुनियप्पा आहेत का?"

"ते जाऊन दोन वर्षं झाली. तुमच्यातलं कोणी फिरकलं नाही."

मामा म्हणतो, मला मान वर करवेना. अध्यक्षा मात्र चपला काढून आत जाऊन बसल्या. अक्कांची माफी मागितली आणि मग विचारलं, "ते पक्षाचं काय काम बघायचे?"

"घरोघरी मतदारांच्या चिठ्ठ्या वाटायचे. लिहायची मीच. त्यांना लिहिता येत नव्हतं."

"अजून कराल?"

"कोणी विचारलं असतं तर थांबलेच नसते."

आता तिथल्या बूथप्रमुख अक्का आहेत. चिठ्ठ्या मामा वाटतो.